मच्छेच्या ३ एकरांबद्दल: आधी लेखी विचारा, आणि आलेलं कन्नड पत्र त्याच दिवशी वाचून घ्या

बेळगावजवळच्या मच्छेत ३ एकरांचा ले-आऊट पाडताना गरिबांसाठी २० टक्के प्लॉट ठेवावेच लागतात का, ही तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. घरची ३ एकर, पुण्याचा आर्किटेक्ट, आणि त्याचं म्हणणं की "२० टक्के लहान प्लॉट गरिबांसाठी ठेवावेच लागतात, त्याशिवाय परवानगी नाही." एन.ए. (बिगरशेती परवानगी), अकरा-ई स्केच (पोटविभाजनाचा मोजणी नकाशा) वगैरे तुम्हाला माहीत असेल असं धरतो.

तो २० टक्क्यांचा नियम महाराष्ट्राचा आहे. तिथेही सरसकट नाही. ४००० चौ.मी. किंवा त्याहून मोठी जागा असेल आणि शहराची लोकसंख्या १० लाख किंवा जास्त असेल तरच. म्हणजे पुण्याला लागतो, कोल्हापूर शहरालासुद्धा नाही. कोगनोळीच्या सीमेअलीकडे, म्हणजे कर्नाटकात, आपला कायदा वेगळा: १९६१ चा कर्नाटकाचा नगररचना कायदा. ले-आऊटची मंजुरी त्याच्या कलम १७ खाली होते. रस्ते, बाग, सीए साईट (सार्वजनिक सोयींची जागा) फुकट सोडून द्यावी लागते. त्यापलीकडच्या अटी तुमच्या मंजुरीच्या पत्रात येतील, त्याच खऱ्या.

माझी चूक मात्र नियमाची नव्हती. पुण्याच्या हिशोबाने मी ४० चौ.मी.च्या साईट (प्लॉट) नकाशात घातल्या. मनापासून घातल्या. वडगावातली नऊ मागवाली (विणकर) कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना वीस बाय तीस फुटांची साईटसुद्धा परवडत नाही. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली होती. पैसे घेतले नाहीत. (तुम्हीही घेऊ नका. जागा ५०० चौ.मी.च्या वर असली की रेरा (घरबांधणी प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी बुकिंग नाही.) बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) काऊंटरवर विचारलं तर "चालतंय, घाला" म्हणाले. मी विश्वास ठेवला.

तीन महिन्यांनी एक पानी हिंबरह (कार्यालयाचं लेखी उत्तर) आलं, सगळं कन्नडमध्ये. मला बोलता येतं, वाचता येत नाही. वर शिक्का, खाली सही. वाटलं नेहमीची पोच असेल, फाईलला लावून टाकलं. दोन महिन्यांनी झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने सहज वाचून दाखवलं: "एवढ्या लहान साईट कुठल्या नियमाच्या आधारे दाखवल्या, ३० दिवसांत कळवा, नाहीतर अर्ज निकाली." तोवर निकाली निघाला होता. पुन्हा फी, पुन्हा दाखले, १४ महिने गेले. आणि "चालतंय" म्हणणारा माणूस? बदली झालेली. नव्याने विचारलं तर "तसं कोण बोललं, लिहून दिलंय का?" हे वाक्य अजून कानातून जात नाही. दर खेपेला "सोमवारी या". सोमवार उजाडला की साहेब मीटिंगला. गरिबांसाठी चार साईट काढू बघणाऱ्या माणसाला सरळ "नाही" म्हणायलाही कुणाला वेळ नव्हता, याचा राग आजही आहे. वहीतली दोन कुटुंबं तोवर गाव सोडून इचलकरंजीला गेली.

म्हणून माझं ठाम मत: नकाशावर सही करण्याआधी एका पानाचा अर्ज द्या, कन्नडमध्ये. "माझ्या सर्व्हे नंबरात दुर्बल घटकांसाठी साईट राखणं बंधनकारक आहे का, असल्यास किती आणि कुठल्या मापाच्या?" इनवर्ड नंबर घ्या, उत्तर लेखी मागा. जे पत्र येईल ते त्याच दिवशी कन्नड येणाऱ्याकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या, तारखेला गोल करा. मी वकील नाही. माझं प्रकरण बुडाचं, तुमच्या हद्दीत वेगळंही असू शकेल, शेवटचा शब्द वकिलाचा.

आणखी एक गोंधळ होतो. "परवडणारं घर" हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. जीएसटीच्या १ टक्क्यासाठी आपल्याकडे ९० चौ.मी. कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, तीही पार्किंगचे पैसे धरून. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटक म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न. परवानगीच्या अटी तिसऱ्याच. आर्किटेक्ट एकाचं माप दुसरीकडे लावतात, तुमचा तेच करतोय असं वाटतं.

जाता जाता, उताऱ्यातलं आडनाव तपासा. आमचे जुने कागद १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्यातले, मोडीत. कन्नडमध्ये उतरवताना आजोबांचं नाव एका अक्षराने बदललं होतं, ते दुरुस्त करायला वेगळे पाच महिने लागले. ११ नंबरच्या रकान्यातला सोसायटीचा जुना बोजाही बघून घ्या, कर्ज फिटलं तरी तो तसाच राहतो.

माझ्या दुसऱ्या वेळच्या अर्जाची कन्नड प्रत आहे. सर्व्हे नंबर खोडून उद्या संध्याकाळी इथेच टाकतो.