थार डिझेल घेऊ की पेट्रोल?
भावा, आधी सांग गाडी रोज कुठं नि किती फिरणार, कारण फोर बाय फोर थारचं २.२ डिझेल घे नाहीतर २.० टर्बो पेट्रोल, मॅन्युअलमध्ये दोन्हींचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ३०० एनएमच, त्यामुळं "चिखलात डिझेलच पाहिजे" हे आता जुनं झालं. महिन्याला दीड-दोन हजार किमी हायवे असेल तर डोळे झाकून डिझेल, कमी पितं. पण रोज चार किमी ऑफिस आणि कधीतरी घाट असं असेल तर डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो बघ, माझा झालाय, त्याची लाइट लागली की तो साफ करायला उगाच हायवेला चकरा मारत बसायचं, डोक्याला ताप नुसता. मग पेट्रोल बरं, फक्त टाकी भरताना रडायचं नाही. टेस्ट ड्राइव्हला ४एल (फोर बाय फोरचा लो गिअर) टाकून उतारावर सोडून बघ, शोरूमवाला कुरकुर करेल, करू दे.