बारावीनंतर क्वांटिटेटिव्ह बायोलॉजी शिकावे का?

आपला प्रश्न असा आहे की, अकरावीला जीवशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घेतले आहेत, दोन्ही मनापासून आवडतात, घरची मंडळी नीटच्या तयारीसाठी गणित सोडण्याचा आग्रह करीत आहेत, आणि अशा स्थितीत क्वांटिटेटिव्ह बायोलॉजी, म्हणजे संख्यात्मक जीवशास्त्र, पदवीसाठी निवडणे शहाणपणाचे ठरेल का. मी स्वतः अकरावीनंतर गणित सोडले, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केले आणि पुढे संशोधनाला लागल्यावर कॅल्क्युलस व संभाव्यता मुळापासून शिकण्यात जवळजवळ दोन वर्षे घालवली. म्हणून आधी एवढेच सांगतो की, पदवी कोणतीही घ्या, पण गणित सोडू नका.

या विषयात नेमके काय शिकतात, हे व्याख्येपेक्षा उदाहरणातून लवकर कळेल. ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे 46 लाख बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्या, असतात. त्याची प्रत काढणारी यंत्रणा सेकंदाला साधारण 1000 बेस-जोड्या पुढे सरकते आणि एकाच ठिकाणाहून निघून दोन दिशांनी काम करते. भागाकार करून पाहा: पूर्ण प्रत निघायला 2300 सेकंद, म्हणजे सुमारे 38 मिनिटे लागली पाहिजेत. परंतु भरपूर अन्न मिळाले तर हाच जीवाणू दर 20 मिनिटांनी दुभंगतो. ज्या पेशीच्या गुणसूत्राची प्रत काढायलाच 38 मिनिटे लागतात, ती 20 मिनिटांत दुभंगते कशी? पाठ्यपुस्तकातील आकृती कितीही वेळा पाहिली तरी हा प्रश्न मनात येत नाही. तो आकडेमोड केल्यावरच येतो. उत्तर असे की, पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच दुसरी आणि तिसरी प्रत काढायला सुरुवात झालेली असते, त्यामुळे जन्माला येणाऱ्या पेशीला तिच्या मुलींसाठी आणि नातींसाठी लागणारे काम आधीच सुरू असलेले गुणसूत्र मिळते. 1968 मध्ये कूपर आणि हेल्मस्टेटर या शास्त्रज्ञांनी हे चित्र मांडले. मला हे प्रथम समजले त्या दिवशी, आपण पदवीची तीन वर्षे जीवशास्त्राची केवळ नावे पाठ केली, याची खंत मनाला लागली, आणि ती आजही पूर्णपणे गेलेली नाही.

दुसरे उदाहरण संभाव्यतेचे आहे. विषाणूला दाद न देणारे जीवाणू विषाणूच्या संपर्कामुळे तयार होतात, की ते आधीपासूनच योगायोगाने झालेल्या उत्परिवर्तनांतून, म्हणजे जनुकांतील बदलांतून, आलेले असतात, हा वाद लुरिया आणि डेल्ब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये केवळ मोजणीवर सोडवला. त्यांनी जीवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले, मग त्यांचा विषाणूशी संपर्क घडवला आणि प्रत्येक नळीतील तग धरणारे जीवाणू मोजले. अशा 20 नळ्यांच्या एका संचात 11 नळ्यांमध्ये एकही नव्हता, एका नळीत मात्र 107 होते आणि दुसरीत 64. संपर्कामुळे गुण येत असता, तर सर्व नळ्यांतील आकडे सरासरीच्या आसपास राहिले असते. एवढी तफावत तेव्हाच पडते, जेव्हा एखाद्या नळीत बदल लवकर घडून त्याचा मोठा वंश वाढलेला असतो. येथे सूक्ष्मदर्शकातून काहीही नवे दिसलेले नाही, पुरावा आहे तो आकड्यांच्या विखुरण्यात. म्हणून मी विद्यार्थ्यांना कॅल्क्युलसच्याही आधी संभाव्यता पक्की करायला सांगतो.

मराठी वाचकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते, म्हणून ती सांगतो. इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असतानाच्या काळात, 1944 मध्ये, त्यांनी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. गुणसूत्रांत एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते, ही बाब त्या सूत्रात धरलेली आहे. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना संशोधक आजही हे सूत्र ‘कोसंबी फलन’ (फंक्शन) या नावाने वापरतात.

आता पदवीविषयी. याच नावाची पदवी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन येथील विद्यापीठे मिळून देतात; आपल्याकडे मात्र नावाचा आग्रह न धरता अभ्यासक्रमाची रचना पाहावी. पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या संस्थेत, जी 2006 मध्ये सुरू झाली, पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र हे चारही विषय शिकवले जातात, आणि माझ्या मते आपल्यासारख्या विद्यार्थ्यासाठी हीच रचना सर्वांत योग्य आहे. प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, त्यामुळे गणित सोडल्यास काय गमावाल ते वेगळे सांगायला नको. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची (आयआयएससी) चार वर्षांची पदवीही पाहून ठेवा. तेथे प्रवेश न मिळाल्यास गावाजवळच्या महाविद्यालयातून संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून जीवशास्त्र जोडीने वाचणे हा मार्गही उत्तम आहे. उलट दिशेचा मार्ग किती खडतर असतो, हे मी अनुभवले आहे. पायथनसारखी एखादी संगणकभाषा कुठेही शिकता येते, तिची चिंता आता नको.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट लपवू नका: ही वाट डॉक्टरकीकडे जात नाही, आणि यातील बहुतेक चांगली कामे पीएच.डी.नंतरच हाती येतात. तेवढा काळ देण्याची तयारी आहे का, हे कुटुंबाने मिळून ठरवायला हवे.

निर्णय घेण्याआधी दोन-तीन रविवार एक प्रयोग करा. मैद्यात बेकरीचे यीस्ट घालून सैलसर पीठ भिजवा, सरळ कडांच्या दोन पेल्यांत भरा, एक पेला ओट्यावर आणि दुसरा कोमट पाण्यात ठेवा, आणि दर दहा मिनिटांनी पिठाची उंची मोजून आलेख काढा. सुरुवातीला दोन्ही रेषा वेगवेगळ्या गतीने चढतील आणि नंतर केव्हातरी वाकतील. त्या जिथे वाकल्या तिथेच का वाकल्या, साखर संपली, वायू निसटला की पिठाचा ताण सुटला, आणि या तिन्हींपैकी खरे कारण कोणते हे ओळखायला पुढच्या रविवारी काय बदलून पाहावे, हे विचारावेसे वाटले तर अर्ज जरूर भरा.