एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे नाव शोधू नका

आजीच्या संदुकीत एक रुपयाच्या नोटांची गड्डी सापडली आणि ‘यावर रिझर्व्ह बँकेचे नाव नाही, नोटा खोट्या असाव्यात’ असे सांगून बँकेने ती परत केली, तर दुसरीकडे एक जण फोनवरून त्याच नोटांचे लाखो रुपये देऊ करतो आहे, हे आपले लिखाण वाचून मला आमचा २०११ चा उन्हाळा आठवला.

आमचे आजोबा यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवत. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर ते बोजारा म्हणून कोरी एक रुपयाची नोटच ठेवत, नाणे कधीही नाही. त्यासाठी राखलेल्या दोन गड्ड्या त्यांच्या पश्चात कपाटात मिळाल्या. तालुक्याच्या ज्या शाखेत आमचे खाते होते, तिचे नाव घेत नाही. पण तेथील रोखपालांनी नोट उजेडाला धरली आणि गव्हर्नरची सही नाही, धारकाला पैसे अदा करण्याचे वचन नाही, असे दोन दोष काढून, पोलिसांत कळवावे लागेल असेही वर ऐकवले. पेरणीच्या तोंडावर मी तीन खेपा घातल्या.

हे दोन दोष म्हणजेच या नोटेची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने रुपयाच्या नाण्याऐवजी कागदी रुपया काढला आणि त्यावर पंचम जॉर्जची मुद्रा असलेल्या नाण्याचेच चित्र छापले. रिझर्व्ह बँक स्थापन झाली १९३५ मध्ये, म्हणजे नोट तिच्याहून अठरा वर्षांनी थोरली. ती १९२६ मध्ये बंद झाली, दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये परत आली आणि १९४९ मध्ये तिच्यावर सारनाथचे सिंह आले. राजाच्या जागी आधी गांधीजींचे चित्र घ्यावे असे ठरत होते, परंतु अखेर एकमत सिंहांवर झाले. या सगळ्या काळात ती सरकारचीच राहिली. तिच्यावर ‘भारत सरकार’ असते, सही केंद्रीय वित्त सचिवांची असते आणि कायद्याच्या नजरेत ती नाण्याच्याच पंगतीत बसते. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रुपये देण्याचे वचन देतात. जी स्वतःच रुपया आहे, ती कशाचे वचन देणार?

आमच्या गड्ड्यांवर सही मनमोहन सिंग यांची होती, कारण १९७६ ते १९८० या काळात ते वित्त सचिव होते. पुढे १९८२ ते १९८५ मध्ये ते गव्हर्नर झाल्याने त्यांची सही रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरही आहे. थोडक्यात, रोखपाल महोदय त्या वेळच्या पंतप्रधानांचीच सही संशयास्पद ठरवत होते. १९९४ मध्ये छपाई थांबली होती आणि ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे मधल्या काळात नोकरीला लागलेल्याने ही नोट हाताळलेली नसणे मी समजू शकतो. मात्र छपाई थांबली म्हणून चलन रद्द होत नाही, एवढे नियम उघडून पाहण्याऐवजी ग्राहकालाच चोर ठरवणे मला आजही समजत नाही.

तरीही मला सर्वांत महाग पडली ती माझीच चूक. त्याच कपाटातल्या पोथीत पंचम जॉर्जची एक जुनी नोट घडी घालून ठेवलेली होती. घडीवर ती फाटू लागली होती, म्हणून मी तिला चिकटपट्टी लावली आणि पुरावा म्हणून शाखेत दाखवता यावी यासाठी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेतले. नागपुरात एका संग्राहकाने ती हातात घेऊन काहीही न बोलता परत केली. प्लास्टिक काढण्याच्या प्रयत्नात छपाईचा थरही सुटला. आपल्या गड्डीत जुनी नोट असेल तर तिला धुऊ नका, इस्त्री करू नका, काहीही चिकटवू नका. सपाट ठेवा, इतकेच.

मी कायद्याचा किंवा नाणकशास्त्राचा जाणकार नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. फाटक्या नोटांची चिंता नको. एक रुपयाच्या नोटेचा आकार ९७ × ६३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६१ चौरस सेंटिमीटर आहे. तिचा सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून अधिक असेल, तर नियमाप्रमाणे पूर्ण रुपया मिळतो. शाखा ऐकत नसेल तर वाद न घालता लेखी नकार मागावा, कारण माझ्या अनुभवात लेखी म्हटले की सूर बदलतो. आपल्याला फोनवरून लाखो रुपये देऊ करणारा मनुष्य आधी नोंदणीशुल्क मागतो आहे, यातच सारे आले. रिझर्व्ह बँकेनेही आपले नाव वापरून जुन्या नोटांवर शुल्क उकळणाऱ्यांविषयी २०२१ मध्ये सावध केले होते.

गड्डीला जुनी पिन असेल तर ती ओढू नका. गंजलेल्या पिनेची टोके मागून सरळ करून, एकेक नोट वर उचलत सोडवावी. आमच्या पहिल्या पाच नोटा मी घाईत फाडल्या.