जन्मतिथीची भर उलटवली गेली, आता पुढे काय?

शिवाजी महाराजांच्या विकिपीडिया लेखात १६२७ ची जन्मतिथी घातली, ती दोनदा उलटवली गेली, म्हणजे दुसऱ्या सदस्याने रद्द केली, आता काय करू, असा तुमचा प्रश्न आहे. आधी एवढं करा: तेच संपादन तिसऱ्यांदा करू नका. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते. मराठीतही प्रचालक (विकिपीडियाची देखरेख करणारे सदस्य) लेख सुरक्षित, म्हणजे संपादनासाठी बंद, करू शकतात, मग सगळ्यांचंच काम अडतं.

तुम्ही १६३० पुसून तिथे १६२७ लिहिलंत, संदर्भ दिला नाहीत, बदल का केला हे सांगायची सारांशाची चौकटही रिकामी ठेवलीत. बघणाऱ्याला तो उत्पातच वाटणार.

फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची घटनांची जुनी नोंद) आणि शिवभारतात (परमानंदाचं संस्कृत काव्य) आहे. शासकीय जयंतीही १९ फेब्रुवारीलाच असते. म्हणून माहितीचौकटीत आणि पहिल्या परिच्छेदात तीच राहील. तुम्ही घातलेली शके १५४९ च्या वैशाखातली (१६२७) तिथी बखरींतून आलेली आहे. तिची जागा जन्माच्या विभागात, दोन-तीन वाक्यांत. वेगळा ‘वाद’ विभाग मात्र सुरू करू नका, तिथे पुढे वाटेल ते साठत जातं. ‘काहींच्या मते’ असंही लिहू नका. कोणत्या बखरीत ती तिथी आहे आणि कोणत्या अभ्यासकाने ती का नाकारली, हे वाक्यातच यायला हवं.

संदर्भ म्हणून नुसती बखर पुरत नाही. या तिथीची चिकित्सा करणारं पुस्तक शोधा आणि लेखक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ क्रमांक द्या. पंचांग मांडून वार स्वतः जुळवलात, तर गणित अचूक असूनही ते मूळ संशोधन (छापील आधाराऐवजी स्वतः काढलेला निष्कर्ष) ठरतं आणि लेखात चालत नाही. शिवाय १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय दिनदर्शिकेतली, तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो. पर्यायी तारीखही ज्युलियनच द्या, नाहीतर कोणीतरी ‘दुरुस्ती’ करून तिसरीच तारीख घुसवेल.

मजकूर आधी तुमच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहा. मग लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग सुरू करून तो तिथे ठेवा, उलटवणाऱ्या सदस्याला साद घाला (नावाचा दुवा दिला की त्याला सूचना जाते) आणि आठवडाभर थांबा. हरकत आली नाही तर ‘चर्चा पानानुसार’ असा सारांश देऊन जतन करा. हरकत आलीच तर ती नेमक्या कोणत्या वाक्यावर आहे ते विचारा आणि बाकीची वाक्यं घाला. तिढा सुटत नसेल तर चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) त्या चर्चेचा दुवा द्या. बाजूने बोलायला मित्रांना बोलावू नका. तिथे डोकी मोजत नाहीत, संदर्भ पाहतात.