विमानातल्या बोर्डिंगला जेवण का नसतं?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे सासरे, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकलेले. परवा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचा योग आला. पुण्याच्या विमानतळावर हातात चिठ्ठी पडली, ती लांब धरून वाचली आणि आबा म्हणाले, "बोर्डिंग पास? म्हणजे जेवण ह्यांच्याकडंच का?" सगळे हसले. ताई विचारतात, आबांचं बोर्डिंग, विमानाचं बोर्डिंग, नातवाची बोर्डाची परीक्षा आणि दुकानावरचा बोर्ड हे वेगवेगळे शब्द आहेत की एकच? आणि एकच असेल तर त्याला इतके अर्थ फुटले कसे?

ताई, हसायला नको होतं. आबा बरोबर होते, फक्त चुकीच्या फांदीवर चढले.

शब्द एकच आहे आणि मुळात ती लाकडाची फळी आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. त्या काळच्या कवितांत ढालीलाही बोर्ड म्हटलेलं सापडतं, कारण ढाल लाकडाचीच असायची. आता आपला संस्कृत 'फलक' बघा. त्याचाही अर्थ फळी आणि त्याचाही अर्थ ढाल. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच केलं. पुढे मराठीत त्याच फलकाचा शाळेतला फळा झाला, भिंतीवरची फळी झाली, आणि आता तर क्रिकेटच्या बातमीत 'मधली फळी कोसळली' असं वाचताना लाकूड कुणाच्या डोक्यातही येत नाही.

इंग्रजांच्या फळीवर पुढे काय घडलं ते जेवणापासून सुरू होतं. त्या काळी तिकडे जेवायचं टेबल म्हणजे चार पायांचं कायमचं फर्निचर नसे. दोन लाकडी घोडे उभे करायचे, वर लांब फळी टाकायची, जेवणं उरकली की फळी उचलून भिंतीला लावायची. तेव्हा फळी हेच टेबल. आणि रोज त्या फळीवर जे येतं त्यालाही लोक बोर्डच म्हणू लागले, म्हणजे दोन वेळचं अन्न. पाठ टेकायला जागा ते लॉजिंग, पोटाची सोय ते बोर्डिंग. माझे वडील साताऱ्यात बोर्ड रंगवायचे. स्टँडच्या आसपासच्या हॉटेलांसाठी 'लॉजिंग-बोर्डिंग' ही जोडी त्यांनी किती वेळा काढली असेल त्याची मोजदाद नाही. अर्थ विचारला की म्हणायचे, "राम म्हटलं की लक्ष्मण येतोच."

मराठीला ही चाल परकी नाही. "पाटपाणी घ्या" असं आजी सांगायची तेव्हा तिला नुसता पाट आणि नुसतं पाणी नको असायचं, पानं वाढायची तयारी हवी असायची. बसायचं लाकूड आणि समोरचं जेवण यांची आपणही अशीच गाठ मारली आहे. 'बोर्ड'ला नेमका मराठी शब्द मागितला तर मी 'पाटपाणी'च देईन.

आणि आता आबांच्या बोर्डिंगकडे येतो, कारण तिथे हा जेवणाचा अर्थ नुसता शब्दकोशातला राहत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून बोर्डिंगं निघाली ती बहुतेक जातवार होती. अमक्यांचं बोर्डिंग, तमक्यांचं बोर्डिंग. त्यालाही कारण होतं. मुलांना एका छपराखाली झोपवणं त्या मानाने सोपं, एका पंगतीला बसवणं महाकठीण. भाऊराव पाटील स्वतः विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं, आणि तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, एकत्र जेवायला घातली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पोरं कष्ट करायची आणि शिकायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ 'टेबलावरचं जेवण' एवढाच, त्याच्या पोटात आपल्याकडे 'कुणाच्या शेजारी बसून जेवायचं' हा सगळा प्रश्न येऊन बसला. म्हणून आबांच्या वयाची माणसं "मी बोर्डिंगातला" हे ज्या सुरात सांगतात, तो सूर 'होस्टेल' शब्दाला कधी येत नाही. आबांनी विमानतळावर पहिल्यांदा जेवणाचंच विचारलं याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

जेवण उचललं की त्याच फळीभोवती माणसं हिशेबाला, मसलतीला बसायची. सोळाव्या-सतराव्या शतकांत टेबलाचं नाव टेबलाभोवतीच्या माणसांना मिळालं आणि 'बोर्ड' म्हणजे मंडळ झालं. आपल्याशी त्याची जुनी गाठ आहे. ईस्ट इंडिया कंपनीवर लक्ष ठेवायला १७८४ मध्ये लंडनला 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं होतं. १९२८ मध्ये क्रिकेटवाल्यांनी आपल्या संस्थेच्या नावात तेच तीन शब्द घेतले, ही गंमत मला फार उशिरा लक्षात आली.

साताऱ्याच्या माणसाने तर याचं कौतुक करूच नये. बसायची वस्तू आणि बसणाऱ्याची सत्ता एक होणं आपण 'गादी'त कधीचं केलेलं आहे. कापूस भरलेली गादी, सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी, व्यापाऱ्याची पेढीवरची गादी, आणि कुस्तीतला गादी विभाग. 'गादीवरचा पैलवान' आणि 'गादीचा वारस' यांत परक्या माणसाचा गोंधळ उडेल, आपला कधी उडाला आहे का? खुर्चीचंही तेच. 'त्याला खुर्ची हवी' म्हटल्यावर कुणी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे सरकवत नाही.

मंडळ या अर्थाने आलेला बोर्ड आपल्याकडे असा काही रुजला की संस्था गेल्या तरी शब्द हलला नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तरी माझे चुलते शेवटपर्यंत "मी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो" असंच सांगायचे. वीज मंडळ १९६० मध्ये झालं आणि २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, पण लाइट गेली की आमच्या आळीत अजून बोर्डालाच फोन लावतात. सहकारी कारखान्यांच्या गावांत बोर्ड म्हणजे संचालक मंडळ. "औंदा बोर्ड पडतंय" हे वाक्य ऐकून दुकानावरची पाटी सांभाळायला धावू नये, निवडणुकीची गोष्ट चाललेली असते.

परीक्षेचा बोर्ड यातलाच. राज्य मंडळ १९६६ पासूनचं, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे त्याच्या कोल्हापूर विभागात येतात. पण लोकांनी त्या मंडळाचं काय केलं बघा. आधी मंडळाने घेतलेली ती 'बोर्डाची परीक्षा'. मग 'परीक्षा' गळाली: "पोराचं यंदा बोर्ड आहे." आणि त्याच्याही पुढची, माझ्या मते सगळ्यात मराठी उडी म्हणजे "तो बोर्डात आला." गुणवत्ता यादीत नंबर लागला, एवढा लांबलचक मजकूर त्या दोन शब्दांत मावतो. इंग्रजाला हे वाक्य शब्दाला शब्द लावून सांगून बघा, त्याला वाटेल पोरगा फळीत घुसला. यादी लावायचं बंद झालं तरी आमच्या पिढीतल्या हुशार माणसाची ओळख अजून "ते बोर्डात आलेले" अशीच करून देतात.

एकदा आमच्याकडे स्विच जळाला होता. वायरमन आला, भिंतीवरचा जुना सागवानी बोर्ड उघडला, आतला फ्यूज काढून फुंकर मारली आणि माझ्या भाच्याकडे बघून म्हणाला, "बोर्ड का रं यंदा? मग रात्री लाइट लागणारच. ह्यो बोर्ड बदला, न्हाईतर बोर्डाचा माणूस येऊन मीटर काढून न्यायचा." तीन वाक्यांत तीन बोर्ड, आणि आमच्यातल्या कुणालाही अडखळायला झालं नाही. अनेक अर्थांचा शब्द अवघड असतो हे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. बोलणाऱ्याला आजूबाजूचे शब्द वाट दाखवत असतात. आमच्या बोलण्यात तर लिंगसुद्धा मदत करतं. दुकानावर लागतो 'तो' बोर्ड, आणि निवडून येतं, बरखास्त होतं 'ते' बोर्ड. इंग्रजीला ही सोय नाही.

आता विमान. त्याची फांदी जहाजाची आहे. जहाजाची बाजू फळ्यांची, म्हणून त्या बाजूलाही बोर्ड म्हणत. (हा 'कड' या अर्थाचा बोर्ड मुळात वेगळा शब्द होता आणि फार लवकर फळीच्या बोर्डात मिसळला असंही मानतात. 'बॉर्डर' त्याच कडेकडून फ्रेंचमार्गे आलेली.) सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या अंगाला असायचं, म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', ताऱ्याशी तिचा काही संबंध नाही. डावीला 'लारबोर्ड' म्हणायचे. वादळात दोन्ही ओरडून सांगितले की सारखेच ऐकू येणार, मग १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणायला लावलं. जहाजाला बोर्ड करणं म्हणजे आधी शत्रूच्या जहाजाला बाजूने भिडणं, वर चढून जाणं. लढाई गेली, चढणं राहिलं. जहाजाचं आगगाडीला आणि आगगाडीचं विमानाला मिळालं. तेव्हा आबांच्या हातातला पास जहाजाच्या कडेचा, आणि आबांचं बोर्डिंग जेवणाच्या फळीचं.

याच ओघात एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. 'कपाट' हा शब्द इंग्रजी 'कबर्ड'वरून आलेला नाही. कबर्ड म्हणजे कप मांडायची फळी, उघडी. तिला दारं बरीच नंतर लागली. कपाट संस्कृत आहे आणि त्याचा अर्थ दाराची फळी. देवळाची कपाटं उघडली म्हणतात तो जुना अर्थ. त्यांच्या फळीला दार लागलं, आपल्या दाराला फळ्या लागल्या, आणि दोघं एकाच वस्तूपाशी येऊन थांबले. आवाजातलं साम्य निव्वळ योगायोग.

राहिला दुकानावरचा बोर्ड, तो तर घरचाच. वडिलांकडे बोर्ड यायचा तेव्हा खरोखर लाकडाची चौकट असायची, तिच्यावर पत्रा ठोकलेला. आधी पांढरा हात द्यायचा. तो वाळला की निळ्या खडूत बुडवलेला दोरा मी एका टोकाला धरायचा, वडील दुसऱ्या टोकाला, आणि ते मधोमध दोरा उचलून टण्णकन सोडायचे. पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेषा. एसटीच्या कपाळावरच्या पाट्यांनाही सगळे बोर्डच म्हणायचे, "बोर्ड बघून चढ" ही आईची सूचना मला अजून स्टँडवर ऐकू येते. पुढे लाकूड गेलं, पत्रा गेला, रंग गेला. आता साताऱ्याच्या पोवई नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, कापडासारखा फडफडतो, वाऱ्याने फाटतो, आणि तरी कार्यकर्ता विचारतो, "बोर्ड लागला का?" फळीचा एक तुकडासुद्धा उरलेला नाही. होर्डिंगचंही तेच. ते मुळात बांधकामाभोवतीचं फळ्यांचं कुंपण, जाहिराती त्यावर नंतर चिकटल्या. साठेबाजीचं होर्डिंग त्याहून निराळं, दोघांचं गोत्र वेगळं.

ताईंचा शेवटचा प्रश्न, मराठीत लिहिताना बोर्डाला काय म्हणावं? दुकानाची पाटी, शाळेतला फळा, कार्यालयाबाहेरचा फलक, माणसांचं मंडळ. लिहिताना हे चारही वापरा, चांगले आहेत. बोलताना मात्र नातवाला "तुझं यंदा मंडळ आहे" म्हणू नका, तो गणपतीचं समजेल.

आणि आबांना सांगा, पुढच्या वेळी चटणी-भाकरीचा डबा बरोबर असू द्या. बऱ्याच विमानांत आता जेवण विकत घ्यावं लागतं.