वजनकाट्यावर कॉन्टिनेन्टल

चि.,
अनेक आशीर्वाद.

बेंटली या इंग्लिश कंपनीच्या कॉन्टिनेन्टल गाडीवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, फोटो नेमके निवडले आहेस आणि सनावळीत चूक सापडली नाही. पण पहिल्याच परिच्छेदात ‘१९५२ पासून अखंड चालत आलेली परंपरा’ असं लिहिलं आहेस, तिथे मी पेन्सिल उचलली. अखंड कुठली? साठीच्या दशकाच्या मध्यापासून १९८४ पर्यंत कॉन्टिनेन्टल नावाची गाडीच बाजारात नव्हती. कंपनीच्या माहितीपत्रकात हा खड्डा छान बुजवलेला असतो, आणि ते त्यांचं कामच आहे. तू माहितीपत्रक लिहायला बसलेली नाहीस.

दुसरं, तो तक्ता. कमाल वेग, अश्वशक्ती, शून्य ते शंभर. हे आकडे कुणालाही दहा मिनिटांत मिळतात आणि त्यातून एवढंच कळतं की नवी गाडी जुनीपेक्षा जोरात पळते. तुला या क्षेत्रात काम करायचं आहे ना? मग घोडे मोजणं सोड आणि वजन मोज. या गाडीची सगळी गोष्ट वजनाच्या धाग्याने उलगडते, आणि ती कुणी सहसा तशी सांगत नाही.

सुरुवात १९५२च्याही आधी कर. १९३८ साली आंद्रे एम्बिरिकोस नावाच्या पॅरिसमधल्या श्रीमंत ग्रीकाने सव्वाचार लिटरच्या बेंटली चॅसीवर, म्हणजे गाडीच्या चालत्या सांगाड्यावर, एक गुळगुळीत, वारा कापणारी बॉडी बांधून घेतली. आराखडा जॉर्ज पोलँ या फ्रेंच माणसाचा. हा पोलँ मूळचा दंतव्यवसायातला. गाड्यांना आकार द्यायचं त्याला वेड. इंजिन जवळपास तेच ठेवून नुसता आकार बदलला, आणि पुढच्या वर्षी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर या गाडीने एका तासात ११४ मैलांहून जास्त अंतर कापलं. युद्धानंतर, दहा-अकरा वर्षांची जुनी झाल्यावर, ती ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली आणि १९४९ साली सहावी आली. कंपनीने पोलँच्याच आराखड्यावर १९३९मध्ये ‘कॉर्निश’ नावाची स्वतःची गाडी तयार करायला घेतली होती. तिला अपघात झाला, आणि तिची बॉडी फ्रान्समधल्या दिएपच्या बंदरात बॉम्बहल्ल्यात गेली. पोलँ फ्रेंच प्रतिकारलढ्यात होता. नाझींनी १९४२ साली त्याला गोळ्या घातल्या. तुझ्या मसुद्यात या माणसाचं नावही नाही. ते यायलाच हवं.

आता १९५२. इथे थांब, घाई करू नकोस. तुझ्या लेखाचा गाभा हाच आहे. त्या वेळचं इंग्लंड डोळ्यांसमोर आण. मांस अजून रेशनवर, देशाला परकीय चलनाची निकड, आणि लांब पल्ल्याचा एकही मोटरवे नाही. पहिला छोटा तुकडा प्रेस्टनजवळ १९५८ साली खुला झाला. अशा देशात ताशी १२० मैलांची गाडी कशासाठी? फ्रान्सच्या सरळ, मोकळ्या रस्त्यांसाठी. पहिल्या गाड्या फक्त निर्यातीसाठीच होत्या. चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन इंग्लिश खाडीच्या काठावरून निघायचं आणि न थकता भूमध्य समुद्र गाठायचा, ही अपेक्षा. ग्रँड टूररची व्याख्या म्हणून मला एवढं पुरे वाटतं. तू दिलेली अर्ध्या पानाची व्याख्या काढून टाकलीस तरी चालेल.

प्रकल्प आयव्हन एव्हर्नडेनच्या हाती होता, रेखाटन जॉन ब्लॅचली या ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसाचं. अडचण इंजिनाची नव्हतीच. अडचण टायरची होती. त्या काळचं टायर जड गाडीखाली ताशी ११५ मैलांच्या पुढे फार वेळ टिकत नसे. तापायचं आणि चिंध्या व्हायच्या. म्हणजे वेग हवा तर वजन उतरवणं भाग. त्यांनी सुमारे १,७०० किलोची हद्द आखली आणि मग एकेका किलोसाठी भांडण सुरू झालं. बॉडी अॅल्युमिनियमची, खिडक्यांच्या चौकटी हलक्या, बंपरही हलक्या धातूचे, सीटचे सांगाडेसुद्धा. बेंटलीची मालक असलेल्या रोल्स-रॉइसच्या हकनॉल इथल्या विमानचाचणी केंद्रात लहान प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासल्या. मागच्या चाकांवरून शेपटीकडे उतरत जाणारा तो डौलदार उंचवटा, ज्याला तू ‘काव्यमय वक्ररेषा’ म्हटलं आहेस, तो आडव्या वाऱ्यात गाडी सरळ ठेवण्यासाठीही आहे. काव्य असेल, नाही म्हणत नाही. पण आधी त्याला काम आहे.

पहिल्या नमुना-गाडीचा नंबर ओएलजी ४९०, म्हणून सगळे तिला ‘ओल्गा’ म्हणायचे. तिला पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर नेलं आणि तिथे सलग फेऱ्यांची सरासरी ताशी ११८ मैलांच्या वर निघाली. १९५५ पर्यंत ओल्गा धरून एकूण २०८ गाड्या झाल्या, बहुतेकांची बॉडी एच. जे. मलिनर या लंडनच्या कारखान्याची.

पण यापुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो, आणि तुझ्या मसुद्यात तो एका वाक्यात उरकला आहेस. गाडी हलकी झाली, नाव झालं, आणि मग गिऱ्हाइकं आली. त्यांना जाड गादीची सीट हवी, रेडिओ हवा, ऑटोमॅटिक गिअर हवा, भारी बंपर हवेत. पैसे मोजणाऱ्याला नाही कोण म्हणणार? एव्हर्नडेनच्या माणसांनी घासून घासून उतरवलेलं वजन दोन वर्षांत परत चढलं. त्यावर उपाय काय, तर १९५४ साली इंजिन ४,५६६ सीसीवरून ४,८८७ सीसीवर नेलं. वजन वाढलं की ताकद वाढवायची, ताकद वाढली की आणखी वजन खपतं. हे चक्र तेव्हा जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. पुढे नोकरीत तुला मार्केटिंगच्या लोकांशी जे वाद घालावे लागतील ते सगळे या दोन वर्षांत आधीच होऊन गेले आहेत.

१९५५ ते १९६५ ही दहा वर्षं तू थोडक्यात घेतलीस ते बरोबर केलंस. एस मालिका, १९५७ची चार दारांची फ्लाइंग स्पर, १९५९मध्ये ६,२३० सीसीचं अॅल्युमिनियमचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. देखण्या गाड्या आहेत, पण नवा विचार फारसा नाही. फक्त ते व्ही-८ लक्षात ठेव. त्याचे वंशज २०२० पर्यंत बेंटलीच्या इंग्लंडमधल्या क्रू इथल्या कारखान्यात हाताने जोडले जात होते.

मग तो खड्डा. १९६५ साली टी मालिका आली आणि तिच्यात वेगळी चॅसीच उरली नाही. बॉडी आणि चॅसी एकजीव झाली. तोवरची रीत अशी की कंपनी चालती चॅसी द्यायची आणि बॉडी बांधणारा तिच्यावर हवा तो पेहराव चढवायचा. तो खेळच संपला. कॉन्टिनेन्टल म्हणजे निराळी बॉडी; निराळी बॉडी बांधणं इतकं अवघड झाल्यावर नाव कशाला लावायचं? त्यात १९७१च्या फेब्रुवारीत विमानाच्या इंजिनापायी रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं आणि मोटारींचा धंदा वेगळा काढावा लागला. पुढची दहा वर्षं बेंटली म्हणजे रोल्स-रॉइसचीच गाडी, समोरची जाळी आणि बिल्ले तेवढे बदललेले. १९८० साली व्हिकर्स या इंग्लिश कंपनीने धंदा घेतला तेव्हा एकूण विक्रीत बेंटलीचा वाटा नगण्य होता. १९८४मध्ये कॉन्टिनेन्टल नाव परत आलं तेही आधीपासून विकल्या जाणाऱ्या, उघड्या टपाच्या कॉर्निशला चिकटवून (१९३९ची नव्हे, त्याच नावाची नंतरची गाडी). याला परंपरा म्हणायचं असेल तर म्हण, पण डोळे उघडे ठेवून म्हण.

खरं पुनरागमन १९९१चं. जिनिव्हाच्या प्रदर्शनात कॉन्टिनेन्टल आर उभी राहिली. पावणेसात लिटरचं तेच जुनं व्ही-८, आता टर्बो लावलेलं, आणि रोल्स-रॉइसमध्ये कुठेही न वापरलेली स्वतःची बॉडी. आकार जॉन हेफरनन आणि केन ग्रीनली यांचा. वजनाचं काय? विचारू नकोस. अडीच टनांच्या आसपास.

१९९८ साली फोक्सवॅगनने क्रूचा कारखाना आणि बेंटली घेतली. रोल्स-रॉइसचं नाव बीएमडब्ल्यूकडे गेलं. त्या व्यवहाराची गंमत तू लांबलचक सांगितली आहेस, ती कापून चार ओळींवर आण. मोटार महत्त्वाची. २००३ची कॉन्टिनेन्टल जीटी फोक्सवॅगनच्याच फेटन या गाडीच्या पायावर उभी आहे. फेटन बाजारात आपटली, तिची बहीण मात्र धो धो विकली गेली. वर्षाला हजारभर गाड्या करणारी कंपनी लवकरच सहा हजारांच्या वर गेली. डर्क व्हान ब्राकेलच्या चमूने १९५२च्या त्या उतरत्या पाठीवरून आणि मागच्या उंचवट्यावरून आकार घेतला. सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं डब्ल्यू-१२ इंजिन, दोन टर्बो, ५६० अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, कमाल वेग ताशी ३१८ किलोमीटर. वजन २,३८५ किलो.

इथे तुझ्या तक्त्याने तुला फसवलं आहे बघ. पायाच दुसऱ्या गाडीचा असल्यामुळे ते अवजड इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकत होतं. सरळ रस्त्यावर ती तोफेसारखी सुटायची, पण वळणात नाक जड. हे ना वेगाच्या रकान्यात दिसतं, ना अश्वशक्तीच्या. २०१८च्या तिसऱ्या पिढीत पोर्शेच्या पॅनामेराबरोबरचा नवा पाया मिळाला तेव्हा पुढचं चाक १३५ मिलिमीटर पुढे सरकवता आलं. गाडी डौलदार दिसायला लागली आणि वळायलाही. वजन २,२४४ किलोवर उतरलं. १३५ मिलिमीटर म्हणजे तुझी वीतभरसुद्धा नाही, पण त्यासाठी पंधरा वर्षं आणि दुसरा पाया लागला.

पत्र्याबद्दलही लिही. २०११च्या दुसऱ्या पिढीपासून पुढचे मडगार्ड अॅल्युमिनियम सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवून हवेच्या दाबाने साच्यात बसवतात, म्हणून त्या धारदार घड्या शक्य होतात. हे पुस्तकातून समजणार नाही. चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देतात तिथे, ओळख काढ आणि एक पाळी उभी राहून बघ. थंड पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, कुठल्या कोपऱ्यात फाटतो, डिझायनरने काढलेली रेघ डाय बनवणारा का बोथट करतो, हे एकदा पाहिलंस की गाडीच्या अंगावरची प्रत्येक कड वेगळी दिसेल.

शेवटचा टप्पा. २०२४च्या जुलैमध्ये डब्ल्यू-१२ बंद झालं. तोवर लाखाहून जास्त झाली होती. चौथ्या पिढीत चार लिटरचं व्ही-८, विजेची मोटर आणि २५.९ किलोवॅट-तासांची बॅटरी. नुसत्या विजेवर ८१ किलोमीटर जाते. एकूण ताकद ७८२ अश्वशक्ती. आणि वजन परत २,४५९ किलो, म्हणजे २००३पेक्षाही जास्त. पण बॅटरी मागे असल्यामुळे भार दोन्ही टोकांना जवळपास सारखा वाटला गेला आहे. हे चांगलं की वाईट, ते तू ठरव आणि कारणांसकट लिही. माझं मत असं की वजन मागे नेणं हे वजन कमी करण्याइतकं अवघड नसतं, आणि एव्हर्नडेनने ते मान्य केलं नसतं. पण त्याच्याकडे आजची टायरंही नव्हती.

आता कामाचं. तक्ता काढ आणि त्या जागी वजनाचा एकच रकाना ठेव. ‘अखंड परंपरा’ खोडून तो खड्डा दोन पानांत लिही. पोलँला त्याची जागा दे. फोटोंपैकी संध्याकाळच्या उन्हातले तीन कमी कर आणि गाडी अगदी बाजूने, सपाट दिसेल असे १९५२, २००३ आणि २०१८चे तीन घे. चाक पुढे सरकलेलं वाचकाला आपोआप दिसेल. कॉव्हेन्ट्रीच्या प्रवेशअर्जाला अजून वेळ आहे, तेव्हा धावपळ नको. आणि पुढचा मसुदा पीडीएफ न करता वर्डमध्ये पाठव, ओळींत मोकळी जागा सोडून. मला समासात लिहावं लागणार आहे.

तुझा,
सर