बुरशीला कोण नोकरी देणार?

प्रश्न : मी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांडपाण्यातले जड धातू बुरशीने काढता येतात हे कळल्यापासून यातच संशोधन करायचं ठरवलं आहे. कवकशास्त्रात, म्हणजे बुरशीच्या अभ्यासात, एम.एस्सी. करू का? घरचे म्हणतात, ‘बुरशीला कोण नोकरी देणार?’

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, पण मला खटकतं ते तुझं कवकशास्त्र. या कामात बुरशी बऱ्याचदा मेलेलीच असते. ऱ्हायझोपस किंवा ॲस्परजिलससारखी बुरशी वाळवून, दळून पाण्यात टाकतात आणि तिच्या पेशीभित्तिकेतली कायटिन, कायटोसान ही द्रव्यं धातूचे आयन (विद्युतभारित कण) धरून ठेवतात. जिवंत बुरशीला अन्न लागतं, धातूचं विष बाधतं. मेलेलीला दोन्हीची फिकीर नाही.

म्हणजे रोजचं काम रसायनशास्त्राचं. नुसता सामू (pH, पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) घे. शिसं, कॅडमियम साधारण 4 ते 6 सामूला चांगलं पकडलं जातं. त्याखाली हायड्रोजन आयन जागा अडवतात. फार वर गेलं की धातू हायड्रॉक्साइड होऊन आपणच तळाला बसतो आणि श्रेय फुकटात बुरशीला मिळतं! सहा-संयुजी क्रोमियमचं (क्रोमियमच्या विषारी रूपाचं) उलटं, त्याला 2 च्या आसपासचा सामू मानवतो. हे वाचून कंटाळा आला असेल, तर आत्ताच फेरविचार कर.

नोकरीचं म्हणशील तर कारखान्यांत ही पद्धत फारशी रुळलेली नाही. तिथे चुना आणि आयन-विनिमयच (राळेच्या मण्यांनी धातू पकडणंच) चालतो. खऱ्या सांडपाण्यात चार धातू एकाच जागेसाठी भांडतात, बुरशीची भुकटी स्तंभात, म्हणजे पाणी गाळायच्या उभ्या नळीत, गच्च बसून पाणी अडवते. शिवाय धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून बुरशीत जातो. तो आम्लाने सोडवून घेतला नाही, तर ती बुरशीच घातक कचरा.

म्हणून पदवी पर्यावरणशास्त्राची किंवा जैवतंत्रज्ञानाची घे आणि प्रबंधाला बुरशी ठेव. धातूचं प्रमाण अचूक मोजणारा माणूस सांडपाण्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेला हवाच असतो.

तोवर सरांच्या देखरेखीखाली एक प्रयोग कर. बेकरीचं यीस्ट हीसुद्धा बुरशीच. ते वाळवून मोरचुदाच्या पातळ द्रावणात ढवळ, गाळ, अमोनिया घालून निळा रंग कलरीमीटरवर (रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर) मोज. शेजारी त्याच सामूचं, यीस्ट न घातलेलं द्रावण ठेवायला विसरू नकोस. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.